बेटावरच्या माणसाला विचारलं?

मुंबई हुंड्यात गेली, हे आपण शाळेत शिकलो. १६६१ चा करार, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि आंदण म्हणून सात बेटं. १६६८ साली राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने देऊन टाकली. भाडं वर्षाला दहा पौंड.

परीक्षेत सन विचारतात. बेटांवरच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कुणी विचारलं होतं का, हे कुठल्याच पेपरात येत नाही.

कुणीही विचारलं नव्हतं.

साडेतीनशे वर्षं उलटली. कंपनी बुडाली, साम्राज्य आटोपलं, संयुक्त राष्ट्रं उभी राहिली. चिमुकल्या बेटांचे देश झाले. त्यांना झेंडा मिळाला, राष्ट्रगीत मिळालं, आमसभेत अमेरिकेइतकंच एक मत मिळालं. फक्त त्यांच्याबद्दलचे निर्णय अजून दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात होतात.

पटत नसेल तर मॉरिशसला चला.

हे नाव काढलं की आपल्याकडे हनिमूनचं पॅकेज आठवतं. जरा जास्त माहिती असलेल्यांना तिथली मराठी माणसं आठवतात. उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये म्हणून गेलेल्या कोकणी माणसांची ही पतवंडं. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण याच देशाचा एक तुकडा त्याच्या जन्माआधी कापून घेतला गेला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

त्या तुकड्याचं नाव चागोस. कन्याकुमारीच्या दक्षिणेला सतराशे-अठराशे किलोमीटरवर साठेक बेटं. सगळ्यात मोठं दिएगो गार्सिया.

सप्टेंबर १९६५. मॉरिशसचे नेते सर शिवसागर रामगुलाम स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी लंडनमध्ये होते. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन त्यांना भेटणार होते. भेटीआधी विल्सन यांच्या सचिवाने एक टिपण लिहिलं, ते आज सगळ्यांना वाचता येतं. त्याचा मथितार्थ असा: पाहुण्याला आशेनेच घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबद्दल शहाणपणा दाखवला नाही तर मिळणार नाही ही भीती.

रामगुलाम यांनी मान डोलावली. मानेवर सुरी असताना हललेल्या मानेला संमती म्हणायचं का?

८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस मॉरिशसपासून तोडलं गेलं. बदल्यात तीस लाख पौंड. १२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या नकाशाचा तुकडा दुसऱ्याच्या खिशात होता.

पुढचा सौदा ब्रिटन आणि अमेरिकेतला. अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रं. डिसेंबर १९६६ मध्ये कागदांची देवाणघेवाण झाली. अमेरिकेला बेट मिळालं पन्नास वर्षांसाठी, ब्रिटनला पोलारिसच्या खर्चात एक कोटी चाळीस लाख डॉलरची सूट.

ही सूट ब्रिटनच्या संसदेपासूनही लपवून ठेवली होती.

आता प्रश्न राहिला माणसांचा. चागोसवर दीड-दोन हजार माणसं राहत होती. फ्रेंचांनी अठराव्या शतकात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, काही आपल्याकडून गेलेल्या मजुरांचे. नारळाच्या वाड्या, खोबऱ्याच्या भट्ट्या, चर्च, दफनभूमी, स्वतःची क्रिओल बोली. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला त्या वाड्यांत परकं वाटलं नसतं.

पण कायम वस्ती आहे म्हटलं, तर वसाहतीचा हिशेब संयुक्त राष्ट्रांना द्यावा लागणार. मग काय करायचं? वस्तीच नाही म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं कागदावर एका रात्रीत कंत्राटी मजूर झाली.

१९६६ च्या लंडनमधल्या सरकारी पत्रव्यवहारात वरिष्ठ अधिकारी लिहितो की तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी उरणार नाहीत. दुसरा या माणसांचा उल्लेख टारझन आणि मॅन फ्रायडे असा करतो. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथे तर खाणाऱ्याने शेळीला नाव ठेवून वर फाइलही नीट जपून ठेवली.

मग सुरू झालं रिकामं करणं. कुणी औषधपाण्याला, नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलं होतं. परतीच्या जहाजावर चढायला गेल्यावर त्यांना सांगण्यात आलं, तुमचं बेट विकलं गेलंय. इकडे बेटांवर धान्य-औषधं येणं कमी होत गेलं. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरची कुत्री गोळा करून खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडली आणि गाड्यांचा धूर सोडून मारली. ती पाळीव कुत्री होती. मुलांनी ते पाहिलं.

त्यानंतर कुणाला जायला सांगायची गरज उरते?

१९७३ पर्यंत शेवटची माणसं जहाजावर चढली. बहुतेकांच्या हातात एक पेटी. त्यांना मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवलं, आणि मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत त्यांनी संसार मांडला. चागोसवाल्यांच्या बोलीत एक शब्द आहे, साग्रें. घर तुटल्याचं दुःख. कुणी कशाने गेलं असं विचारलं, तर त्यांची म्हातारी माणसं आजाराचं नाव घेत नाहीत, साग्रेंने गेलं म्हणतात.

मॉरिशसने तरी पोटाशी धरलं का? ब्रिटनने १९७२ मध्ये पुनर्वसनासाठी साडेसहा लाख पौंड दिले. ते माणसांच्या हातात पडायला पाच वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर महागाईने ते खाऊन टाकले होते.

१९८२ मध्ये आणखी चाळीस लाख पौंड आले. सोबत एक इंग्रजी कागद. परत जायचा हक्क सोडल्याचा. क्रिओलखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या बायकांनी त्यावर अंगठे उमटवले.

कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर अंगठा म्हणजे काय, हे आपल्या खेड्यापाड्यांना सावकाराने शिकवलंय. वेगळं सांगायला नको.

दरम्यान जगात काय चाललं होतं? १९७१ मध्येच आमसभेने हिंदी महासागर हा शांतता क्षेत्र असल्याचा ठराव केला. तारीख १६ डिसेंबर. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली तोच दिवस. त्याच वर्षी दिएगो गार्सियावर धावपट्टीचं काम सुरू झालं.

या धावपट्टीवरून १९९१ मध्ये इराकवर, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर, २००३ मध्ये पुन्हा इराकवर बॉम्बफेकी विमानं गेली. गुप्तपणे कैदी नेणारी अमेरिकी विमानंही २००२ मध्ये इथे उतरली होती. ब्रिटनने आधी नाही म्हटलं. २००८ मध्ये खुद्द परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत कबुली दिली.

बेटावरचा माणूस सुरक्षेला धोका होता. कैद्यांची विमानं नव्हती.

चागोसवाले मात्र चिवट निघाले. ऑलिव्हिए बॅंकूल हा वीजतंत्री लंडनच्या कोर्टात गेला आणि २००० साली जिंकला. २००४ मध्ये सरकारने संसदेला बाजूला ठेवून राणीच्या नावाने हुकूम काढला आणि परतीची वाट पुन्हा बंद केली. २००८ मध्ये सर्वोच्च पातळीवर निकाल तीन विरुद्ध दोन असा विरोधात गेला. एका न्यायमूर्तीचा फरक.

२०१० मध्ये ब्रिटनने तिथे भलंमोठं सागरी अभयारण्य जाहीर केलं. प्रवाळ वाचवायचं म्हणून टाळ्या वाजल्या. मग अमेरिकी दूतावासाची एक तार फुटली. अभयारण्य झालं की मूळ रहिवाशांना परतीचा दावा रेटणं अवघड जाईल, असं ब्रिटिश अधिकाऱ्याने अमेरिकनांना सांगितल्याची नोंद त्यात होती. मॅन फ्रायडे हा शब्दही तिथे पुन्हा होता, पहिल्यांदा लिहिल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी.

माणसं बदलली, खाती बदलली, शब्द तोच. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते अभयारण्य सागरी कायद्याचा भंग करून जाहीर केल्याचं सांगितलं.

आणि हा प्रदेश आपल्या मोबाइलमध्येही आहे बरं का. पुण्या-बंगळुरूच्या कितीतरी स्टार्टअपच्या पत्त्याच्या शेवटी डॉट आयओ असतं. ती अक्षरं ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाची, म्हणजे चागोसची. नाव जगभर विकलं जातं. घरमालक पोर्ट लुईच्या वस्तीत.

२५ फेब्रुवारी २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं: चागोस तोडणं बेकायदा होतं, ब्रिटनने शक्य तितक्या लवकर ताबा सोडावा. तेरा विरुद्ध एक. मे महिन्यात आमसभेत मतदान झालं. ११६ देश मॉरिशसच्या बाजूने, भारतही त्यांत. विरोधात सहा.

सहांची नावं वाचताना मी अडखळलो. ब्रिटन, अमेरिका समजू शकतो. ऑस्ट्रेलिया, इस्रायल, हंगेरी. आणि सहावा? मालदीव. चागोसचा शेजारी, तसाच बेटांचा देश. सागरी हद्दीचा वाद होता म्हणून.

आमसभेने ब्रिटनला सहा महिने दिले. सहा महिने आले आणि गेले. लहान देशाने असा ठराव धाब्यावर बसवला असता तर निर्बंधांची किती पत्रं सुटली असती?

छोट्या बेटांची अडचण साधी आहे. त्यांच्याकडे समुद्र अफाट आणि तो राखायला हात नाहीत. किरिबातीची जमीन ८११ चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. तिच्या हक्काचा समुद्र पस्तीस लाख चौरस किलोमीटर, अख्ख्या भारतापेक्षा मोठा. मॉरिशसची जमीन दोन हजार चौरस किलोमीटर, सागरी क्षेत्र तेवीस लाख. आणि मॉरिशसला सैन्यच नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानलं, ते उगाच नव्हे. हे अंगच नसलेल्या राज्यांनी किनारा राखायचा कसा?

उसाच्या पाचटाने राखला त्यांनी, २०२० मध्ये. वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज २५ जुलैला मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं. मालक जपानी, झेंडा पनामाचा, निघालं सिंगापूरहून, चाललं होतं ब्राझीलला. मॉरिशसशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बारा दिवस ते तसंच रुतून राहिलं, मग फुटलं आणि हजारेक टन तेल खाडीत आलं. तेव्हा गावोगावच्या लोकांनी पाचट कापडात भरलं, लांबच लांब गाद्या शिवल्या आणि समुद्रात सोडल्या.

रणगाड्यांची मोजदाद करणाऱ्यांनी त्या गाद्याही संरक्षण सामग्रीत धराव्यात.

बंदूकवालेही येतात. २५ नोव्हेंबर १९८१ ला सेशेल्सच्या विमानतळावर मौजमजेला आल्याचं भासवत एक टोळी उतरली. म्होरक्या माइक होर, भाडोत्री सैनिकांचा कुप्रसिद्ध नायक. पिशव्यांत वर मुलांची खेळणी, खाली बंदुका. एका कस्टम अधिकाऱ्याच्या हाताला बंदूक लागली आणि बेत फसला. पळायला त्यांनी विमान पळवलं, तेही आफ्रिकेतून मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं. थेट दरबानला नेलं. एका देशाचं सरकार त्या दिवशी एका माणसाने पिशवी नीट तपासली म्हणून वाचलं.

तो माणूस त्या दिवशी रजेवर असता तर?

३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवच्या मालेमध्ये ऐंशीएक भाडोत्री तमीळ बंडखोर घुसले. ऐंशी माणसं, आणि देशाची राजधानी हातात! अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, त्याच रात्री आग्र्याहून भारताचे छत्रीधारी सैनिक पोहोचले. ओलीस घेऊन पळणारं जहाज आपल्या गोदावरी आणि बेतवा या युद्धनौकांनी गाठलं. काम झालं आणि बहुतेक सैन्य परतलं. मला या कारवाईतला सगळ्यात मोठा पराक्रम हाच वाटतो. जाणं सोपं असतं, परत येणं किती जणांना जमतं?

डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली. लाखाच्या वर माणसं आणि नळाला पाणी नाही. भारताने विमानांनी, जहाजांनी पाणी पाठवलं. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या राजधानीचं सार्वभौमत्व त्या आठवड्यात बाटलीत मोजलं जात होतं.

मग २०२३ आलं. मालदीवमध्ये मुइझ्झू भारतीय सैनिकांना परत पाठवायचं म्हणून अध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि जिंकले. तिथे आपले ऐंशीच्या आसपास लोक होते, मुख्यतः दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान चालवायला. रुग्णांना बेटांवरून इस्पितळात न्यायला. मे २०२४ पर्यंत ते परतले.

माझं मत स्पष्ट आहे. तो निर्णय त्यांनी स्वतःच्या पायावर मारलेला धोंडा असेल, पण पाय त्यांचा होता.

त्याआधी जानेवारीत त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल जे लिहिलं ते हलकट होतं. त्यांना निलंबित केलं गेलं, योग्य झालं. पण त्यानंतर आपल्याकडच्या मोबाइलवर जो पूर आला, तो वाचून मला लाज वाटली. आमच्या पर्यटकांवर जगता, आमचं पाणी पिता, आम्ही ठरवलं तर उपाशी मराल. पाच लाखांच्या देशाशी दीडशे कोटींनी असं बोलायचं? तहानलेल्याला पाणी दिलं तर ते नंतर मोजून दाखवायचं नसतं, हे आपल्या आज्या सांगायच्या.

अगालेगाचंही बोलू. तेही मॉरिशसचं बेट, वस्ती तीनशेच्या आसपास. भारताने तिथे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. दोन्ही सरकारं म्हणतात, हा लष्करी तळ नाही. तिथल्या नारळाच्या वाड्यांतल्या माणसांना मात्र धाकधूक आहे. त्यांनी चागोस पाहिलंय.

चीनची जहाजं या समुद्रात फिरतात, भारताने डोळे मिटून बसावं असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण धावपट्टी बांधताना त्या तीनशे माणसांसमोर करारातलं प्रत्येक कलम क्रिओलमध्ये का वाचून दाखवू नये? आपण स्वतःला ब्रिटनपेक्षा वेगळे समजतो ना?

तिकडे प्रशांत महासागरात अशाच करारांची रांग लागली आहे. सॉलोमन बेटांनी २०२२ मध्ये चीनशी सुरक्षा करार केला, तोही बंद दाराआड. ऑस्ट्रेलियाची झोप उडाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तुवालूशी करार केला.

तुवालूची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, समुद्र दारात आलेला. कराराने दरवर्षी २८० जणांना ऑस्ट्रेलियात राहायचा परवाना मिळतो. संकटात मदत मिळते. जमीन बुडाली तरी तुवालू हा देश राहील, हेही ऑस्ट्रेलियाने मान्य केलं, आणि ही मोलाची गोष्ट आहे. बदल्यात? इतर कुणाशीही संरक्षण, बंदरं, दूरसंचार यांबाबत करार करायचा तर आधी ऑस्ट्रेलियाची सहमती घ्यायची.

बुडणाऱ्याला दोर फेकताना त्याच्याकडून सही घेतली जाते. पहिल्या सोडतीसाठी देशाच्या एक-तृतीयांशाहून जास्त माणसांनी नावं दिली. त्यांना दोष देण्याची हिंमत कुणाला आहे?

मार्शल बेटांतल्या बिकिनीवरच्या १६७ जणांना तर फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्याने अख्ख्या मानवजातीच्या भल्यासाठी घर सोडायला सांगितलं होतं. त्यानंतर मार्शल बेटांवर ६७ अणुस्फोट झाले.

मानवजातीच्या त्या यादीत ते १६७ नव्हते.

चागोसकडे परत येतो. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या. चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. भाडं वर्षाला सरासरी दहा कोटी दहा लाख पौंड. मुंबईच्या दहा पौंडांनंतर भाव बराच वधारला.

सह्यांच्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास लंडनच्या न्यायमूर्तींनी तात्पुरती मनाई दिली होती. मागणाऱ्या दोन चागोसी महिला होत्या. त्यांचं म्हणणं, आमच्या घरादाराचा करार होतोय आणि आम्हाला कुणी विचारलेलं नाही. ब्रिटनने नाही आणि मॉरिशसनेही नाही. दुपारपर्यंत मनाई उठली आणि लगेच सह्या झाल्या.

त्या दोघींचा जन्म दिएगो गार्सियावरचा. करारानुसार चागोसच्या बाकीच्या बेटांवर मॉरिशसला पुन्हा माणसं वसवता येतील.

दिएगो गार्सियावर नाही.